अंगावरचं दूध, अंगावरचे चट्टे

लसीकरणाचा दिवस होता. अंगणवाडीच्या व्हरांड्यात सतरंजीवर बाया लेकरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दीड महिन्याच्या डोसाला आणलेलं एक लेकरू सुई टोचल्यावर कळवळून रडलं, तशी आईने पदर ओढून त्याला डाव्या बाजूला घेतलं. ते प्यालं, थांबलं, आणि पुन्हा तोंड उघडून शोधू लागलं. सिस्टर रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणाली, "दुसऱ्या बाजूला घे ना बाई त्याले." आई गप्पच राहिली. उत्तर शेजारी भिंतीला टेकलेल्या म्हातारीने दिलं, "त्या अंगाचं नाई पाजत ते. तिकडं चट्टा हाये. तिकडचं दूध नासलं." तेवढ्यात पुढच्या लेकराचं नाव आलं आणि बोलणं तिथेच मोडलं. आईने उजवीकडचा पदर आणखी घट्ट ओढून घेतला. पदराखालचं ब्लाउज त्या बाजूला ओलंचिंब होतं.

नासलेलं म्हणून सोडून दिलेलं दूध आपल्या वेळेला येतच होतं.

म्हातारीच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. तिने जे पाहिलं त्याचा तो हिशेब होता, आणि वरवर पाहता तो बरोबरही दिसतो. सोरायसिस (कातडीवर जाड, पोपड्यांचे चट्टे उठवणारा आजार) असलेल्या बायांपैकी निम्म्यांच्या आसपास जणींचे चट्टे गरोदरपणात आपसूक निवळतात. पोटातल्या बाळाला शरीराने परकं समजू नये म्हणून त्या काळात आईची प्रतिकारशक्ती जरा नमतं घेते, हार्मोन्सही चढलेले असतात. सातव्या महिन्यात ओटी भरताना कोपरं स्वच्छ, पाठ स्वच्छ, आणि घरात सगळे म्हणतात की लेकराच्या पायगुणाने अंग साफ झालं. मग बाळंतपण होतं, हार्मोन्स झपाट्याने उतरतात, आणि निम्म्याहून अधिक जणींचे चट्टे पुढच्या काही आठवड्यांत परत येतात, कधी आधीपेक्षा जोरात. दूध उतरतं तेही याच दिवसांत. झोप मोडते, हाल होतात, तेही याच दिवसांत. दोन गोष्टी एका महिन्यात घरात शिरल्या की घर त्यांची सोयरीक लावून मोकळं होतं. मग कोणी म्हणतं दुधाने चट्टे आले, कोणी म्हणतं चट्ट्यांनी दूध बिघडलं. दोन्हींवर उपाय मात्र एकच निघतो: पाजणं बंद. आणि खेदाची गोष्ट अशी की पांढरा कोट घातलेली माणसंही घाईत असली की हाच उपाय लिहून देतात.

एरवी आपल्या कातडीत खालच्या थरात तयार झालेली पेशी वर येऊन गळायला साधारण महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास तीन-चार दिवसांत उरकतो. पेशी पिकायच्या आत वर येतात, एकीला एक चिकटून राहतात आणि चुन्याच्या भिंतीसारखे पोपडे धरतात. पोपडा नखाने काढला तर खाली रक्ताचे टाचणीएवढे ठिपके दिसतात. हा सगळा गोंधळ कातडीच्या वरच्या थरांतला आहे आणि तो माजवणारी आपलीच प्रतिकारशक्ती आहे. यात जंतू नाही, बुरशी नाही, त्यामुळे तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. दूध बनतं छातीच्या आत खोल, ग्रंथींमध्ये. वरच्या चट्ट्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. पोपड्याचा भुगा बाळाच्या ओठाला लागला तरी त्याला सोरायसिस होत नाही. घराण्यातून यायचा धोका आहे, तो नाकारायचं कारण नाही. आई-बापापैकी एकाला असेल तर शंभरातल्या दहा-पंधरा मुलांना पुढे आयुष्यात कधीतरी होऊ शकतो. पण ती देणगी गर्भ राहतानाच दिलेली असते. नंतर दूध तोडून ती परत घेता येत नाही.

आपल्याकडे चट्टा म्हटलं की भीतीला आणखी एक पदर असतो. दत्तपूर, तपोवन, आनंदवन ही कुष्ठधामांची नावं ज्या मुलखात घरोघरी माहीत आहेत, तिथे जुन्या माणसांच्या मनात अंगावरच्या डागाचा पहिला अर्थ कुष्ठरोग हाच होतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडे तो आजार आजही आहे, त्यामुळे ती भीती अगदीच हवेतली नाही. फरक मात्र घरबसल्या कळण्यासारखा आहे. कुष्ठाच्या डागावरून डोळे मिटून कापसाची वात फिरवली तर बहुधा नीट कळत नाही, आणि तो सहसा खाजत नाही. सोरायसिसचा चट्टा खाजतो, कधी भेगाळून दुखतो, आणि त्यावरची वात बरोबर कळते. तरीही शंका असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं, तपासणीला पैसे लागत नाहीत. दुसरी गल्लत गजकर्णाशी होते. गजकर्णाची कडा उठलेली आणि मधला भाग निवळत गेलेला असतो. सोरायसिसचा चट्टा सगळीकडून सारखाच जाड असतो. ही दुसरी गल्लत जास्त महागात पडते, कारण गजकर्ण म्हटलं की चौकातल्या मेडिकलमधून एक ठरलेली ट्यूब येते. तिच्याकडे पुढे वळूच.

आधी छातीवरच्या चट्ट्याचं बोलू, कारण सगळा घोळ तिथे आहे.

छातीवर सोरायसिस तीन जागी बसतो आणि तिन्हीकडे वेगळा दिसतो. छातीच्या वरच्या उघड्या भागावर नेहमीचा जाड, पोपड्यांचा चट्टा. छातीखालच्या घडीत, जिथे घाम आणि ओघळलेलं दूध साचतं, तिथे पोपडे धरतच नाहीत. तिथली कातडी लालभडक, चकचकीत, गुळगुळीत होते आणि मध्यावर बारीक चीर पडते. तिसरी जागा स्तनाग्र आणि भोवतीचं काळं वर्तुळ. ही जागा सर्वात अवघड, आणि तिथे चट्टा का येतो याचं कारण पाजण्यातच आहे. सोरायसिसच्या माणसाच्या चांगल्या कातडीला खरचटलं, भाजलं, घासलं तर साधारण दोन-तीन आठवड्यांत नेमका त्याच रेषेत नवा चट्टा उठू शकतो. जर्मन डॉक्टर हाइनरिश कोब्नर यांनी एकोणिसाव्या शतकात हे नोंदवून ठेवलं. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. प्रत्येक वेळी त्याच्या हिरड्या नुसत्या बोंडावर घासत असतील तर ती रोज बारा वेळची इजा झाली. तेव्हा या जागेचं पहिलं औषध म्हणजे लेकराला नीट लावणं. मलमाची पाळी त्यानंतर.

नीट लावणं म्हणजे बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकलेलं, मान वळवावी न लागता तोंड समोर, नाक बोंडाच्या रेषेत. त्याने जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबायचं आणि मग बाळाला छातीकडे आणायचं. छाती वाकवून बाळाकडे न्यायची नाही. हनुवटी छातीत रुतलेली हवी, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा, आणि काळं वर्तुळ बाळाच्या वरच्या ओठापाशी जास्त दिसावं, खालच्या ओठापाशी कमी. पहिल्या काही चोखण्यांना ताण जाणवला तर ठीक. पुढेही कळ येत राहिली तर लावणं चुकलंय. मग ओढून काढायचं नाही. स्वच्छ करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत सारली की चोखण सुटते, आणि मग पुन्हा लावायचं. पिऊन सोडल्यावर बोंड लिपस्टिकच्या टोकासारखं तिरपं, चपटं दिसलं तर ते चेंगरलं जातंय असं समजावं. यातलं बहुतेक आपल्या आज्यांना ठाऊक असतं. कोब्नर ठाऊक नसतात एवढंच.

चट्टा फुटलाय आणि त्या बाजूला लेकराला घेणं सहन होत नाही, असे दोन-चार दिवस येतात. त्या दिवसांतही ती बाजू कोरडी सोडायची नसते. दूध साचलं की गाठी होतात, गाठींचा ताप येतो, आणि उपसा थांबला की त्या बाजूचं दूध खरंच आटत जातं. मग "तिकडचं नासलं" म्हणणाऱ्यांना पुरावाच मिळतो. हाताने काढायचं: अंगठा वर, तर्जनी खाली, बोंडापासून दोन-तीन सेंटीमीटर मागे. आधी बोटं छातीच्या दिशेने मागे दाबायची, मग एकमेकींकडे, मग सोडायचं. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत, कारण घासणं म्हणजे परत तीच इजा. उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत काढावं आणि चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावं. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं असं सांगतात, तो हिशेब पंचवीस अंशांच्या खोलीचा आहे. एप्रिल-मेमध्ये अकोल्याकडच्या टिनाच्या घरात ते काढल्या-काढल्या पाजून टाकलेलं बरं. आणि जी बाजू कमी दुखते तिथून सुरुवात करावी; भुकेचा पहिला जोर तिथे ओसरला की दुसरीकडे लेकरू हळू ओढतं.

आता मलम. दूध की मलम अशी निवड करायचीच नसते. कोणतं मलम, कुठे आणि किती वाजता एवढंच ठरवायचं असतं. कोपर, गुडघे, पाठ, डोकं इथे लावलेलं स्टेरॉइडचं मलम रक्तात फार थोडं जातं आणि दुधात त्याहून थोडं. म्हणजे दुधाच्या वाटेने बाळाला जवळजवळ काही पोचत नाही. खरी वाट कातडीची आहे: आईच्या दंडावर लावलेलं बाळाच्या गालाला लागणं, बोंडावरचं त्याच्या पोटात जाणं. म्हणून लावायची वेळ नेहमी पाजून झाल्यावरची, आणि शक्यतो रात्रीच्या ज्या पाजण्यानंतर लेकरू सर्वात जास्त वेळ झोपतं त्याच्या नंतरची. लावल्यावर हात साबणाने धुवायचे, दंडावर लावलं असेल तर पूर्ण बाहीचा सुती ब्लाउज घालायचा. बोंडावर आणि काळ्या वर्तुळावर तीव्र मलम लावायचंच नाही. डॉक्टरांनी तिथे द्यायचं ठरवलं तर हायड्रोकॉर्टिसोनसारखं सौम्य देतात, थोडे दिवस देतात. तिथे मलमापेक्षा क्रीम बरं, कारण मलमाचा आधार पॅराफिनचा असतो आणि तो चाटला जातो. पुढच्या पाजण्याआधी कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने हलकं टिपून घ्यायचं. साबण लावून चोळायचं नाही. दिवसा आठ-दहा वेळा साबण लागला तर तेवढ्यानेच चीर पडते. दिवसभर तिथे आपल्याच दुधाचा थेंब पसरून वाळू द्यावा, किंवा शुद्ध लॅनोलिनचं बोट फिरवावं; ते पुसावं लागत नाही.

किती लावायचं हे कोणी सांगत नाही, "पातळ लावा" एवढंच सांगतात. त्याचं एक सोपं माप आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढी रेघ मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. एका कोपराला अर्धी रेघसुद्धा खूप झाली. पंधरा ग्रॅमच्या ट्यूबमध्ये अशा तीस रेघा बसतात. ट्यूब पाच दिवसांत संपत असेल तर एक तर चट्टे फार पसरलेत किंवा लावणं फार होतंय, आणि दोन्हीसाठी डॉक्टरांकडेच जायला हवं. याच्या उलट साध्या स्निग्ध लेपाचं. व्हॅसलिन, खोबरेल किंवा पांढरं मऊ पॅराफिन यांत लोक कंजुषी करतात, आणि तिथेच हात सैल हवा. अंगभर चट्टे असतील तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो लागतं. बाटलीभर खोबरेलाचा खर्च सासरी डोळ्यावर येतो, हे खरं आहे. पण ते नेमाने लागलं तर स्टेरॉइड कमी लागतं, आणि ती ट्यूब खोबरेलापेक्षा महागच पडते. दोन्ही लागोपाठ लावायची असतील तर मध्ये वीस मिनिटं-अर्धा तास जाऊ द्यावा, नाहीतर औषध पातळ होऊन नको तिथे पसरतं. कॅल्सिपोट्रायॉल (ड जीवनसत्त्वाच्या जातीचं मलम) असेल तर तेही छाती सोडून. डांबराचं मलम आणि सॅलिसिलिक आम्लाचं मलम जाड तळव्यांना, कोपरांना ठीक; छातीवर आणि बाळाचा स्पर्श होईल अशा जागी अजिबात नाही. छातीखालच्या घडीत औषधाआधी कोरडेपणा हवा: टिपून घ्यायचं, आणि जुन्या धोतराची मऊ पट्टी घडीत ठेवून ओली झाली की बदलायची.

आणि ती मेडिकलमधली ट्यूब. एकाच ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक. बहुधा स्टेरॉइड असतं क्लोबेटासॉल, म्हणजे या कुळातलं सर्वात जोरदार. ते सलग दोन आठवड्यांपलीकडे आणि आठवड्याला पन्नास ग्रॅमपलीकडे वापरू नये असा दंडक आहे, आणि तोही जाड कातडीच्या जागांसाठी. चिठ्ठीशिवाय ते विकायचं नसतं, पण विकतात. चार दिवसांत लाली जाते, म्हणून ती ट्यूब गावात देवासारखी मानली जाते. मग छातीखाली, काखेत, जांघेत महिनोन्महिने लागते. कातडी कागदासारखी पातळ होते, पांढऱ्या-जांभळ्या वळ्या पडतात त्या कायमच्या. एक दिवस ट्यूब संपते आणि चट्टे दुप्पट होऊन येतात. स्तनावर असं तीव्र औषध लावल्याने बाळाचा रक्तदाब वाढल्याची नोंदसुद्धा वैद्यकीय साहित्यात आहे. याच्याही पुढची पायरी म्हणजे "खाज बंद" करणारी सुई, किंवा बाजारातल्या वैदूची पुडी. पुडीत काय आहे हे कोणी सांगत नाही. कुटलेली स्टेरॉइडची गोळी असते असं अनेकदा निघालंय. पोटात गेलेलं स्टेरॉइड अचानक थांबलं की सोरायसिस असा उलटतो की अंगभर बारीक पुवाचे फोड येतात आणि ताप चढतो. तेव्हा दवाखान्यात भरतीच व्हावं लागतं.

बाळंतिणीची खोली हा वेगळाच प्रांत. दार लोटलेलं, बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपाची धुरी, तेल जिरवणारी मालीशवाली, आणि मग कडकडीत पाण्याची अंघोळ. या सगळ्यात माया आहे, आणि तिला एकदम हात घालून चालत नाही. मला तर वाटतं की बाळंतिणीला कोणीतरी दीड महिना रोज हात लावतं, ही गोष्ट चट्टेवालीला फार मोलाची आहे, कारण बाकीचे तिचा हात टाळत असतात. पण चार गोष्टी बदलायलाच हव्यात. पाणी कोमट, अंघोळ दहा मिनिटांत आटोपती. घासणं बंद: ना वजरी, ना उटणं, ना बेसन, कारण पोपडे घासून काढले की कोब्नर कामाला लागतो. अंग टिपून ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, तेल किंवा व्हॅसलिन. बोअरचं जड पाणी आणि कपड्यांचा साबण ही जोडी तर कोणाच्याच कातडीला सोसत नाही. मालीश वरून खाली, दाबून चालेल, रगडून नाही. आणि चट्ट्यावर नुसतं तेल ठेवायचं. चौथी गोष्ट शेगडीची. व्हॅसलिन, पॅराफिन कापडात मुरलं की ते कापड ठिणगीने भपकन पेटतं, आणि धुतल्यावरही ते पूर्ण निघत नाही. लेप लावून बाजेवर, खाली निखारे, मधे लोंबणारी साडी: हे जमणार नाही. शेक घ्यायचाच असेल तर आधी शेक, मग शेगडी खोलीबाहेर, मग लेप.

दोन वस्तू या खोलीत येऊच नयेत. एक बिबा. आपल्या रानात बिबा भरपूर, आणि बाळंतपणात, अंगदुखीत, कातडीच्या रोगात त्याचं तेल टोचायची, लावायची जुनी रीत. बिबा उतला की फोड, सूज, चिघळलेली जखम. सोरायसिसच्या बाईला तर त्या प्रत्येक डागाच्या जागी पुढे चट्टा. दुसरी बावची. ती पांढऱ्या कोडाच्या इलाजात वापरतात, म्हणून चट्टा म्हटलं की आठवडी बाजारातला जडीबुटीवाला तीच देतो. बावची लावलेल्या कातडीवर ऊन पडलं की ती भाजते, आणि आपलं ऊन काही नाशिकचं नव्हे. तेच हात लेकराला लागतात, ते वेगळंच. रुईचा चीक, चुना, लसूण यांचीही गत तीच.

पथ्याबद्दल थोडक्यात. बाळंतिणीचं एक पथ्य आणि कातडीच्या रोगाचं दुसरं, दोन्ही एकीवर चढतात. वांगं नाही, अंडं नाही, आंबट नाही, डाळ वातूळ. ताटात उरतं भाकर, तूप आणि मेथी. पाजणाऱ्या आईला रोज पाचशेच्या आसपास कॅलरी जास्तीच्या लागतात, आणि अमुक भाजी तोडली म्हणून सोरायसिस जातो असं काही नाही. जवसाची चटणी खावी, अंडं खावं, पाणी प्यावं.

कातडीला खरी इजा पोचते ती नंतर, कामाला लागल्यावर. मजुरीवर चालणाऱ्या घरात सव्वा महिना हा फार लांबचा काळ असतो. दिवाळीच्या सुमारास बाळंत झालेली बाई संक्रांतीच्या आत वेचणीला गेलेली असते. कापसाच्या वाळक्या बोंडाची टोकं बोटांच्या शेंड्यांत आणि नखांच्या कडांत घुसतात, तुरीच्या काड्यांनी पोटऱ्या ओरबाडतात, कोरड्या थंडीने कातडी ताठते. दोन-तीन आठवड्यांनी त्या ओरखड्यांच्या रेषांत चट्टे उठतात आणि लोक म्हणतात, बघा, दुधाने पसरलं. बोटांना कापडी चिकटपट्टी गुंडाळून, जुने मोजे पायांत चढवून आणि सकाळी निघण्याआधी हातापायांना व्हॅसलिन लावून यातलं बरंच टळतं. परकराचा नाडा रोज एकाच जागी आवळला तर कमरेभोवती चट्ट्यांचा पट्टा तयार होतो; रुंद पट्टीचा नाडा करावा, जागा बदलावी. ब्लाउजचे हूक बाहेरच्या अंगाला टाचून घ्यावेत. सिझर झालं असेल तर टाक्यांच्या व्रणावरही लक्ष ठेवावं. शेतातून आल्यावर पाजण्याआधी हात आणि छाती धुवावी, तेही जास्त फवारणीच्या औषधांसाठी.

मलमाने भागत नसेल तर पुढचं पाऊल गोळ्यांचं असतं, आणि इथे मात्र दूध आडवं येतं. मेथोट्रेक्सेट पाजत असताना नको. ॲसिट्रेटिन तर नकोच. त्याची गोळी थांबवल्यावरही तीन वर्षं दिवस जाऊ द्यायचे नसतात. धोका नव्या चिठ्ठीपेक्षा जुन्या चिठ्ठीचा जास्त. लग्नाआधीची मेथोट्रेक्सेटची पट्टी माहेरच्या पेटीत असते, बाळंतपणाला माहेरी आलेली लेक चट्टे उसळले म्हणून तीच आणवून घेते, आणि आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी रोज घेते. त्यात जीव जाऊ शकतो. दुधाशी ज्याचं अजिबात भांडण नाही असा मोठा उपाय म्हणजे अतिनील किरणांचा शेक, ३११ नॅनोमीटरचा. आठवड्यातून दोन-तीनदा, दोन-तीन महिने. काही मिनिटांचं काम, नंतर लगेच पाजलं तरी चालतं. मात्र त्याआधी सोरालेनची, म्हणजे कातडी किरणांना हळवी करणारी, गोळी देत असतील तर ते वेगळं, ते नको. त्वचारोग विभाग नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला इथल्या मेडिकल कॉलेजांत आहेत. यंत्र चालू आहे का हे जाण्याआधी विचारून घ्यावं. एसटीत २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, तरी तान्ह्या लेकराला घेऊन आठवड्यात तीन खेपा म्हणजे त्या दिवसांची मजुरी बुडाली. ज्यांना ते जमत नाही त्यांना सकाळचं कोवळं ऊन दहा मिनिटं चालतं, भाजेपर्यंत नाही. जैविक इंजेक्शनांपैकी (प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या औषधांपैकी) काही पाजताना चालतात, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तसं इंजेक्शन झालं असेल तर बाळाच्या बीसीजीआधी, पोलिओ आणि रोटाच्या थेंबांआधी ते सिस्टरला सांगणं भाग आहे. जिवंत लसी पुढे ढकलाव्या लागू शकतात.

काही खुणा दिसल्या तर मलमात वेळ घालवू नये. एकाच बोंडावरचा ओला, खपलीचा चट्टा दोन-तीन आठवड्यांच्या उपचारानेही हलत नसेल तर तो सोरायसिस नसू शकतो. कर्करोगाची शंका घेऊन तुकडा तपासतात. बोंड गुलाबी होऊन जळजळतंय आणि बाळाच्या तोंडात न पुसणारे पांढरे डाग आहेत, तर ती बुरशी, दोघांनाही औषध लागतं. छातीचा एक भाग कडक, लाल, थंडी वाजून ताप, ही दुधाची गाठ. पाजणं चालूच ठेवायचं आणि त्याच दिवशी दाखवायचं. सगळं अंग लाल होऊन हुडहुडी भरली तर रात्रीसुद्धा थांबू नये. आणि सांधे: सकाळी उठल्यावर अर्धा तास बोटं वळत नाहीत, एखादं बोट पूर्ण सुजलंय, टाच टेकवत नाही. बाळंतपणाची हाडं म्हणून हे सोडून देतात, पण सोरायसिसचा सांधेवात असू शकतो आणि उशीर झाला तर सांधा वाकडा होतो. पाजताना आयबुप्रोफेन चालतं.

आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळाची घरपोच सेवा उभी केली, १९९९ साली तिचे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि आज देशभर आशाताई त्याच धर्तीवर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. वजन करते, बाळाचा श्वास मोजते, आईला ताप आहे का विचारते. चट्ट्यांचं तिने आपणहून विचारावं अशी अपेक्षा ठेवता येत नाही, तिच्यामागे कामं थोडी नाहीत. म्हणून सांगणं बाळंतिणीकडे किंवा तिच्या मायकडे येतं, आणि ते गरोदरपणातच, अंग साफ असताना सांगितलेलं बरं: आधी सोरायसिस होता, अमुक औषध चालू होतं, बाळंतपणानंतर उसळू शकतो. सातव्या दिवसाच्या भेटीत दोन्ही बाजूंनी पाजून दाखवावं. घरातल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या सुद्धा, एका पिशवीत घालून ठेवाव्यात आणि दवाखान्यात जाताना तीच पिशवी न्यावी. चिठ्ठी हरवते, ट्यूबवर मात्र औषधाचं नाव आणि टक्के छापलेले असतात. बेचाळिसाव्या दिवशी तांबी बसवायचा विषय निघतोच. मेथोट्रेक्सेटवर असताना दिवस जाऊ द्यायचे नसतात, म्हणून पुढे कधी ते घ्यावं लागेल असं दिसत असेल तर तो निर्णय त्याच दिवशी, त्वचेच्या डॉक्टरांना विचारून, करून टाकावा.